तिच्या अ‍ॅलर्जीपायी आम्ही आमचं स्वयंपाकघर का बदलायचं?

पत्र थोडक्यात असं: लेखिका २७ वर्षांची, नोकरी करणारी. दोन मैत्रिणींबरोबर गेली तीन वर्षं भाड्याच्या घरात राहते. स्वयंपाकघर एकच, भांडी सामाईक, फ्रिजमध्ये प्रत्येकीचा एकेक कप्पा. रिकाम्या झालेल्या खोलीत दोन महिन्यांपूर्वी चौथी मुलगी राहायला आली. सामान लावून झाल्यावर त्याच रात्री तिनं सांगितलं, की तिला शेंगदाणे आणि तीळ यांची गंभीर अ‍ॅलर्जी आहे, आधी दोनदा हॉस्पिटलात न्यावं लागलंय, तेव्हा तिची भांडी कुणी वापरली नाहीत तर बरं. तेव्हापासून घरात धुसफुस चालू आहे. लेखिका लिहिते, "आधी सांगितलं असतं तर आम्ही विचार तरी केला असता. मी अंडी-मांस खात नाही, दाणे हा माझा रोजचा खुराक आहे. एकदा मी सोफ्यावर तिच्या शेजारी बसून दाणे खाल्ले, तेव्हा ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी चुकून तिचा चमचा वापरला तर किंचाळली. म्हणजे अ‍ॅलर्जी सोयीनुसार का? वाढदिवसाला कुणीतरी आणलेला केकही तिनं काही न विचारता खाल्ला. आमच्यातली एक तर म्हणते, एकदा तिच्या नकळत चिमूटभर घालून बघू, खरं-खोटं कळेल. गमतीत म्हणते, पण मला खात्री नाही. ताई, एकीसाठी तिघींनी का बदलायचं? आणि तिला जायला सांगितलं तर मी वाईट ठरते का?"

*

पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहेस. मी तिथूनच सुरुवात करते. चिमूटभर घालून बघायची गोष्ट घरात पुन्हा कुणी काढणार नाही, हे आजच्या आज बघ. मैत्रीण दुखावली गेली तरी चालेल. एका शेंगदाण्यात साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम प्रथिन असतं. अ‍ॅलर्जी असलेल्या काही जणांना २ मिलिग्रॅमनंही त्रास सुरू होतो, म्हणजे एका दाण्याचा शंभरावा भाग. चिमूट त्यापुढे खूपच झाली. अ‍ॅलर्जी खरी आहे का, हे डॉक्टरही कधी कधी खायला घालूनच तपासतात. पण ते हॉस्पिटलात, अगदी कणाकणानं वाढवत, इंजेक्शन हाताशी ठेवून आणि त्या माणसाच्या संमतीनं. नकळत घातलेली चिमूट ही परीक्षा नव्हे, विषप्रयोग आहे. काही झालं तर पोलिसही त्याला गंमत म्हणणार नाहीत. ज्या दोघींनी ते ऐकलं आणि गप्प राहिल्या, त्यांनाही प्रश्न विचारले जातील.

तुझी मैत्रीण दुष्ट असेल असं मला वाटत नाही. तिच्या बोलण्यामागे एक जुना समज असतो: थोडं थोडं पोटात गेलं की शरीराला सवय होते. हा समज एका मोठ्या शास्त्रज्ञाचाही होता. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे फ्रेंच संशोधक १९०१-०२च्या सुमारास कुत्र्यांना समुद्रफुलाचं विष थोड्या मात्रेत टोचत होते. पुढच्या वेळी कुत्री ते पचवतील अशी त्यांची अपेक्षा. घडलं उलटंच. पहिला डोस सहन केलेली कुत्री काही आठवड्यांनी दिलेल्या त्याहून लहान डोसानं काही मिनिटांत मेली. अशा जीवघेण्या प्रतिक्रियेला अ‍ॅनाफिलॅक्सिस हे नाव तेव्हाच पडलं आणि १९१३ साली रिशेंना नोबेल मिळालं. शरीर पहिल्या भेटीत त्या पदार्थाला शत्रू म्हणून ओळखून ठेवतं आणि पुढच्या भेटीत सगळी फौज एकदम बाहेर काढतं. रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब कोसळतो, श्वासनलिका आवळते. आधीच्या वेळी नुसत्या गांधी उठल्या होत्या म्हणून याही वेळी तेवढंच होईल, असं नसतं. त्या दिवशी ताप असेल, व्यायाम झाला असेल, मद्य घेतलं असेल, तर त्याच मात्रेनं जास्त बिघडू शकतं.

आता अगदी मोजलेल्या मात्रेत शेंगदाणा देऊन सहनशक्ती वाढवायचा उपचार खरोखर आहे. अमेरिकेत अशा एका औषधाला २०२० मध्ये मान्यता मिळाली. चुकून पोटात गेलेल्या कणानं होणारा त्रास कमी करणारं एक इंजेक्शनही तिथे २०२४ मध्ये या कामासाठी मंजूर झालं. पण हे उपचार महिनोन् महिने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालतात, सगळ्यांना मानवत नाहीत आणि ते घेणाऱ्यांनाही दाणे टाळावेच लागतात. यातलं काहीही तुमच्या स्वयंपाकघरात, तिच्या पाठीमागे करायचं नाही.

मग तुझी मुख्य शंका. सोफ्यावर गप्प आणि चमच्याला किंचाळी, हे तुला दुटप्पीपणाचं वाटलं. मला त्यात ती मुलगी आपली अ‍ॅलर्जी नीट ओळखते हे दिसलं. शेंगदाण्याचा वास येतो तो हवेत उडणाऱ्या लहान रेणूंमुळे. अ‍ॅलर्जी प्रथिनाची असते आणि प्रथिन असं सहज उडत नाही. २००३ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या ३० मुलांना पीनट बटरचा वास दिला आणि ते त्यांच्या कातडीलाही लावलं. कुणालाही अंगभर त्रास झाला नाही. लावलेल्या जागी काहींना खाज आणि लाली आली, तेवढंच. शेजारी बसून कुणी दाणे खाल्ले तर बहुतेकांना धोका फार कमी असतो. चमचा मात्र थेट तोंडात जातो. तू दाणे खाल्लेल्या तोंडाचा चमचा नुसता नळाखाली धरून ठेवून दिलास आणि तिनं तो उचलला, तर मधे अडथळा कसलाच नाही. दाणे खाल्ल्यावर लाळेतही प्रथिन काही काळ राहतं. तिचं किंचाळणं तुला लागलं असेल, पण ती बरोबर जागी किंचाळली.

याला अपवाद आहेत. दाणे दळताना, टरफलं सोलताना किंवा भाजून चोळताना उडणारी भुकटी हा वास नव्हे, तो पदार्थच आहे. मासे, कोळंबी किंवा दूध उकळताना वाफेबरोबर प्रथिन वर येऊ शकतं, त्यामुळे त्यांची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला स्वयंपाक चालू असलेल्या खोलीतही त्रास होऊ शकतो. म्हणून कुठल्या वेळी किती जवळ चालेल, हे त्या माणसालाच विचारायचं. वासानं नुसती भीती वाटत असेल तर तीही खोटी नसते. ज्या पदार्थापायी दोनदा हॉस्पिटल गाठावं लागलं, त्याचा वास आल्यावर पोटात गोळा येणारच.

केकबद्दल मला तुझ्याइतकीच काळजी वाटली, फक्त वेगळ्या कारणानं. न विचारता खाल्ला, म्हणजे अ‍ॅलर्जी नाही, असा तू अर्थ काढलास. तिनं डब्यावरचा कागद आधी वाचला असेल, केक आणणारीला आदल्या दिवशी विचारलं असेल, हे तुला कसं कळणार? आणि समजा खरंच विचारलं नसेल, तर बहुधा तिला विचारायचा कंटाळा आला असेल. दर घासाला चारचौघांत "यात काय काय आहे?" विचारायचं, मग सगळ्यांनी आपल्याकडे बघायचं, कुणीतरी डोळे फिरवायचे. विशी-पंचविशीतली मुलं अशा वेळी धोका पत्करतात हे डॉक्टर नेहमी सांगतात. तुमच्या घरात तिला विचारणं जितकं जड जाईल, तितकी ती न विचारता खाईल.

तिनं आधी का सांगितलं नाही? याबाबत तुझा राग मला अर्धा पटतो. चौघींचं स्वयंपाकघर एक असताना ही माहिती खोली ठरवण्याआधी द्यायला हवी होती. तुमच्या सोयीसाठी तर हवीच, पण तिच्या जिवासाठी त्याहून जास्त. हे तू तिला सांगू शकतेस, सांगावंसच. उरलेल्या अर्ध्याचा विचार तू तिच्या जागी उभी राहून कर. खोली शोधताना पहिल्याच फोनवर "मला गंभीर अ‍ॅलर्जी आहे" म्हटल्यावर किती जणी म्हणतील, "ये, बघू आपण"? तूच लिहिलं आहेस, आधी कळलं असतं तर विचार केला असता. त्या विचाराचं उत्तर काय आलं असतं, हे तुला ठाऊक आहे आणि तिलाही असावं.

आता प्रत्यक्ष स्वयंपाकघर. आजच्या आज तुमच्या मिक्सरच्या भांड्याच्या झाकणातली रबरी रिंग काढून बघ. नखानं उचकटली की निघते. खाचेत जो करडा, तेलकट थर सापडेल, त्यात महिन्याभरात वाटलेलं सगळं असतं. तुम्ही दाणे वाटून भांडं विसळता, मग ती त्यातच काहीतरी वाटते आणि तो थर तिच्या ताटात उतरतो. म्हणून सगळ्यात आधी काय करायचं, तर तिच्यासाठी मिक्सरचं वेगळं भांडं, झाकण आणि पात्यासकट. तसंच लाकडी चमचे आणि लाकडी कापायची फळी, कारण लाकडाच्या भेगा घासून निघत नाहीत. ओरखडे पडलेला नॉन-स्टिक तवा. आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू, सिंकमधला स्पंज. एकाच स्पंजानं आधी पीनट बटरचा चमचा आणि मग तिचं ताट घासलं, तर ते घासणं नव्हे, लावणं झालं. तिचा स्पंज निराळ्या रंगाचा आणि निराळ्या खुंटीवर. काच, स्टील, चिनीमाती मात्र साबणानं घासून वाहत्या पाण्याखाली धुतली की सामाईक वापरायला बहुधा हरकत नसते. तरी अखेरचा शब्द तिचा.

आपल्याकडची स्वच्छतेची समज जंतूंसाठी घडलेली आहे, म्हणून इथे ती फसते. उकळलं की जातं, भाजलं की जातं, हे जंतूंचं. शेंगदाण्याचं प्रथिन उष्णतेनं तसं मरत नाही. भाजल्यानं उलट त्याचा त्रासदायकपणा वाढू शकतो. सॅनिटायझरही जंतूंसाठी असतो. २००४ च्या एका अभ्यासात पीनट बटर लागलेले हात नुसत्या पाण्यानं धुतले किंवा त्यावर सॅनिटायझर चोळला, तर काही हातांवर प्रथिन उरलं. साबणानं किंवा ओल्या वाइप्सनं मात्र ते गेलं. म्हणून दाणे खाल्ल्यावर हात झटकून किंवा कपड्याला पुसून चालत नाही, साबण लागतो. तोवर फ्रिजचं हँडल, नळ, टीव्हीचा रिमोट, गॅसचं बटण यांना हात नको. ओटा कोरड्या फडक्यानं पुसायचा नाही, फवारा मारून ओल्या फडक्यानं पुसायचा आणि ते फडकं लगेच धुवायला टाकायचं.

तेलाचं वेगळं सांगते, कारण इथे चांगल्या हेतूनंही गडबड होते. नीट रिफाइन केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळपास उरत नाही आणि ते बहुतेकांना चालतं. घाण्याच्या तेलात ते उरतं. तिनं मात्र यातलं कुठलंही तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही आणि तुम्ही तिच्या वतीनं ठरवायचं नाही. एकदा दाणे किंवा तीळ लावलेलं काही तळलं, की त्या कढईतलं तेल तिच्यासाठी बाद. गाळून घेतलंस तरी बाद.

तिळाचं लपणं वेगळंच. ब्रेडच्या कणकेत, सॉसमध्ये, मसाल्याच्या मिश्रणात तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ब्रिटनमध्ये २०१६ साली एका १५ वर्षांच्या मुलीनं विमानतळावर तयार सँडविच घेतलं. ब्रेडच्या कणकेतच तीळ होते आणि वेष्टनावर त्याचा उल्लेख नव्हता. विमानात तिला दोन इंजेक्शनं दिली गेली, तरी ती वाचली नाही. तिच्या आई-वडिलांनी लावून धरल्यावर २०२१ च्या ऑक्टोबरपासून तिथे दुकानातच बनवून बांधलेल्या पदार्थांवरही सगळे घटक लिहिणं सक्तीचं झालं. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ सक्तीनं लिहायच्या अ‍ॅलर्जीकारक पदार्थांच्या यादीत नववा म्हणून आला. युरोपीय संघाच्या यादीत असे १४ पदार्थ आहेत. "अंश असू शकतो" ही ओळ मात्र बऱ्याच देशांत ऐच्छिकच आहे. ती नाही म्हणजे पदार्थ सुरक्षित, असं होत नाही. त्यामुळे तुमच्याकडून एवढंच हवं, की सामान डब्यात ओतलं तरी पाकीट फेकू नका. कापून डब्याला रबरबँडनं लावून ठेवा. तिला वाचायला मिळालं की निम्मं काम झालं. तुम्ही आपण होऊन "यात काही नाही, खा गं" म्हणू नका. यात काय आहे हे सांगा, खायचं की नाही ते तिला ठरवू द्या.

आता तुझा मोठा प्रश्न: दाणे घरातून हद्दपार करायचे का? बंदीचा मोह होतो, कारण बंदी एका ओळीत लिहिता येते. पण २०२१ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटानं शाळांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत सरसकट बंदीपेक्षा कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, आणीबाणीची लेखी योजना आणि हाताशी असलेलं अ‍ॅड्रेनॅलिन, म्हणजे अशा झटक्यावरचं इंजेक्शन, यांवर भर आहे. बंदी घातली की सगळे निश्चिंत होतात आणि मग एक दिवस कुणाच्या तरी बॅगेतून दाणे येतातच. पण तुमचं घर शाळा नाही. चौघींचं, एका ओट्याचं स्वयंपाकघर आहे. मला विचारशील तर दाण्यांचा स्वयंपाक आणि दळण त्या ओट्यावरून जावं, दाणे खाणं जायची गरज नाही. तू आपले दाणे झाकणाच्या डब्यात, आपल्या खोलीत ठेव. तिथेच खा आणि हात-तोंड साबणानं धुऊन बाहेर ये. दळलेले हवेच असतील तर विकत आण, तेही खोलीतच. प्रथिनांसाठी डाळी आहेत, दूध-दही आहे, चणे आहेत. दाणे सोडले म्हणून तू कुपोषित होणार नाहीस. पण आवडतात म्हणून खायचे असतील तर तेही पुरेसं कारण आहे, त्यासाठी आहारशास्त्र पुढे करायला नको.

एकीसाठी तिघींनी का बदलायचं, याचं उत्तर मी असं बघते: तुम्ही काय सोडताय आणि ती काय सोडतेय, हे शेजारी शेजारी ठेव. तुम्ही एक स्पंज वाढवताय, एक पदार्थ दुसऱ्या खोलीत खाताय. चुकलात तर भांडण होईल. ती चुकली, किंवा तुम्ही चुकलात, तर अ‍ॅम्ब्युलन्स येईल. दोन्ही बाजूंना सारखी गैरसोय होतेय असं समजून हिशोब मांडलास, म्हणून तो जुळत नाहीये.

एवढं करूनही चूक होऊ शकते. तिच्या इंजेक्शनचा पेन, म्हणजे मांडीवर दाबलं की औषध देणारं तयार इंजेक्शन, कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे, हे तुम्हा तिघींपैकी किती जणींना माहीत आहे? पत्रात त्याचा उल्लेखच नाही. हीच मला सगळ्यात मोठी उणीव वाटते. अ‍ॅनाफिलॅक्सिसवरचं पहिलं औषध अ‍ॅड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, गरज पडली तर कपड्यावरूनच. अ‍ॅलर्जीची गोळी खाज आणि गांधी कमी करते, श्वास आणि रक्तदाब सावरत नाही. गोळी देऊन वाट बघण्यातच मोलाचा वेळ जातो. ओठ-जीभ सुजणं, आवाज बदलणं, सतत खोकला, घशात आवळल्यासारखं होणं, उलट्या, चक्कर, "मला काहीतरी भयंकर होतंय" असं वाटणं, या खुणा. अंगावर काहीच उठलं नाही तरी अ‍ॅनाफिलॅक्सिस असू शकतो. शंका असेल तर इंजेक्शन द्यावं, असंच डॉक्टर सांगतात. ते दिल्यावर छाती धडधडेल, हात थरथरतील, ते काही वेळात ओसरतं. तिला आडवं झोपवायचं, पाय थोडे उंच. श्वास घेणं जड जात असेल तर पाय पसरून बसवायचं. उठवून बाथरूमला किंवा जिन्यानं खाली चालवत न्यायचं नाही, कारण अचानक उभं राहिल्यानं हृदयाकडे जाणारं रक्त कमी पडून माणसं दगावली आहेत. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा पेन. बरी वाटली तरी हॉस्पिटल, कारण काही तासांनी तोच त्रास पुन्हा उसळू शकतो.

पेन फ्रिजमध्ये नको, गॅसजवळही नको, आणि त्यावरची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवायची. जिथे पेन सहज मिळत नाही तिथे डॉक्टर अ‍ॅम्प्युल (औषधाची काचेची कुपी) आणि सिरिंज वापरायला शिकवतात. तिच्याकडे तसं असेल तर तुम्हालाही ते समजून घ्यावं लागेल. बऱ्याच पेनांबरोबर सुई नसलेला सरावाचा पेन मिळतो. तिच्याकडे असेल तर एका संध्याकाळी तिघींनी तो आपापल्या मांडीवर दाबून बघा. मी डॉक्टर नाही, तेव्हा वरचं सगळं तिच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या योजनेशी ताडून घ्या. ती योजना फ्रिजच्या दारावर लावा, तिचे रिपोर्ट नव्हेत. कुठली परीक्षा झाली, आकडा किती आला, हे तिला सांगायचं नसेल तर विचारू नका.

बोलायचं कसं? आधी तू एकटीनं, तिच्या खोलीत. तिघी एका बाजूला आणि ती समोर अशी बैठक घेतली तर ती बचावाचंच बोलेल. "तू आधी सांगितलं नाहीस याचा मला राग आला होता, आता बऱ्याच गोष्टी कळल्या," एवढं म्हणून सरळ विचार: "या स्वयंपाकघरात तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?" मला वाटतं, तुम्ही जे बदलायच्या तयारीत आहात त्यापेक्षा तिची यादी लहान निघेल. तिच्याकडूनही काही मागायला संकोच करू नकोस. पेन कायम जवळ ठेवणं, स्वतःचा कप्पा स्वतः सांभाळणं, बाहेरून काही आणलं तर आपण होऊन सांगणं, आणि चूक झाली तर ओरडण्याआधी काय चुकलं ते सांगणं. तिला घराची पोलीस करू नका आणि तिनंही होऊ नये. पाहुणे येतील तेव्हा यजमानीणच त्यांना दारात सांगेल, हा नियम करा, म्हणजे दर वेळी तिला आपली कहाणी सांगत बसावं लागणार नाही. आणि तिच्यासाठी वेगळं ताट वाढताना त्याचा सोहळा नको. आधी तिचं वाढून बाजूला झाकून ठेवलं, मग बाकीच्यांचं, झालं.

राहता राहिला तुझा शेवटचा प्रश्न. वाईट ठरत नाहीस. मधला मार्ग बघून, प्रयत्न करूनही तुम्हा तिघींना हे जमणार नसेल, तर तसं स्पष्ट सांगणं हे "हो हो" म्हणून तोच स्पंज वापरत राहण्यापेक्षा किती तरी बरं. जिथे लोकांना काळजी घ्यायची नाही तिथे तिनं राहू नये, हे तिच्याही हिताचंच आहे. पण ते कुजबुज वाढवून, तिला नकोसं करून नको. समोर बसून सांगा, दुसरी खोली मिळेपर्यंत पुरेसा वेळ द्या, अनामत पूर्ण परत करा आणि ती जाईपर्यंत वरचं सगळं पाळा. आणि पुढची खोली रिकामी झाली की जाहिरातीत दोन ओळी घाला: "स्वयंपाकघर सामाईक आहे. कुणाला कशाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा, आम्ही काय करू शकतो ते आम्हीही आधीच सांगू."